घाटावरचं पाणी, घाटाखालचं पाणी

देवासहून सतवासला जाणारी बस चापडा मागे टाकते तोवर रस्ता सरळ असतो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, हंगामाप्रमाणे सोयाबीन नाहीतर गहू, अधूनमधून एखादं चिंचेचं झाड. मग धनतलाव घाट लागतो आणि बस वळणं घेत खाली उतरू लागते. इथे माळवा संपतो. पुढे कन्नौद, तिथून दक्षिणेला सतवास आणि त्याच्याही खाली नर्मदा. देवास शहर समुद्रसपाटीपासून साधारण 535 मीटरवर वसलेलं, आणि सतवास त्याच्याहून दोनशेच्या आसपास मीटर खाली. जिल्हा एकच, पण पाण्याच्या वाटा दोन. घाटाच्या वर पडलेला पाऊस क्षिप्रा आणि काली सिंधमधून उत्तरेला चंबळेकडे जातो, तिथून यमुना-गंगेला मिळून बंगालच्या उपसागरात. घाटाच्या खाली पडलेला नर्मदेत जातो आणि भडोचला अरबी समुद्र गाठतो. बसच्या छतावर पडलेले दोन थेंब घाटमाथ्यावर वेगळे झाले तर पुन्हा भेटायचे नाहीत.

हा तुटलेला कडा ध्यानात ठेवला की धार आणि देवास या दोन्ही जिल्ह्यांतल्या पाण्याच्या बांधकामांचा हजार वर्षांचा इतिहास नीट वाचता येतो. वरच्या लोकांना नर्मदा दिसत होती, कानावर होती, पूजेत होती. पण ती हाताशी नव्हती. त्यांच्या वाट्याला आला तो वर्षाला हजार मिलिमीटरच्या आगेमागे पडणारा पाऊस, तोही जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतच. तो अडवायचा की खालून नदी वर चढवायची, हा माळव्याचा जुना प्रश्न. आपल्या पूर्वजांनी पहिला पर्याय निवडला, कारण दुसरा त्यांच्यापाशी नव्हताच. आपल्याकडे दोन्ही आहेत, आणि म्हणून घोळ आहे.

धारला आजही साडेबारा तलावांचं गाव म्हणतात. बाराचा हिशोब लागतो, उरलेला अर्धा कोणता यावर गावात वाद घालता येतो. परमारांची ही राजधानी. मुंज आणि भोज ही नावं इथल्या पाण्याला अजून चिकटून आहेत. भोजाचा काळ अकराव्या शतकाचा पूर्वार्ध. वास्तुशास्त्रावरचा ‘समरांगणसूत्रधार’ त्याच्या नावावर आहे. पण भोजाचं सगळ्यांत मोठं काम धारपासून दूर, आजच्या भोपाळच्या दक्षिणेला भोजपूरजवळ होतं. दोन डोंगरांमधल्या खिंडी मातीच्या प्रचंड बांधांनी बुजवून, त्या बांधांना दोन्ही अंगांनी घडीव दगडांचं अस्तर देऊन तिथे तलाव केलेला होता. एकोणिसाव्या शतकात किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याच्या खुणा फिरून पाहिल्या आणि विस्तार अडीचशे चौरस मैलांचा काढला. आकडा बाजूला ठेवू. त्याला जास्त भावला तो सांडवा. मातीच्या बांधावरून पाणी वाहिलं की बांध गेलाच, हे त्या बांधणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून जादा पाण्याची वाट त्याने बांधात ठेवलीच नाही. लांब, वेगळ्या टेकडीच्या पक्क्या खडकात कोरून काढली. पूर कितीही आला तरी पाणी खडकावरून जाणार, मातीला हात लावणार नाही. मातीच्या धरणांवर काम करणाऱ्या कुठल्याही अभियंत्याला आज हेच शिकवतात.

तो बांध पाण्याने फोडला नाही. पंधराव्या शतकात होशंगशाहाने तो मुद्दाम फोडला. फोडायला तीन महिने लागले आणि तलाव आटायला तीन वर्षं, अशी तिकडची दंतकथा आहे.

होशंगशाहाने राजधानी धारहून उचलून मांडवगडावर नेली. मराठीत आपण मांडवगड म्हणतो, सगळं जग मांडू म्हणतं. राजधानीसाठी जागा बघायला गेलं तर ही अवघड. बेसाल्टचा एक तुकडा माळव्याच्या पठारापासून खोल दरीने तुटलेला, दक्षिणेला निमाडच्या मैदानात तीनशे मीटरहून खाली कोसळणारा कडा, आणि वर एकही बारमाही नदी नाही. संरक्षणाला उत्तम, पाण्याला शून्य. तरीही खिलजी सुलतानांच्या काळात तिथे मोठं शहर नांदलं.

ते कसं, हे जहाजमहालात उभं राहिलं की कळतं. घियासुद्दीन खिलजीच्या कारकिर्दीतली, म्हणजे 1469 ते 1500 या काळातली ही इमारत. लांबी 120 मीटरच्या आसपास, रुंदी अगदी थोडी. एका अंगाला मुंज तलाव, दुसऱ्या अंगाला कपूर तलाव. पावसाळ्यात दोन्ही भरले की महाल पाण्यात तरंगतो म्हणून जहाज. पर्यटक फोटो काढून जातात. पण वर गच्चीवर जाऊन पायाखाली पाहावं. गच्चीला उतार दिलेला आहे, पन्हळी कोरलेल्या आहेत, आणि एके ठिकाणी दगडातली अरुंद नाली सापासारखी गोल-गोल वेटोळे घेत हौदाकडे जाते. ती शोभेची वाटते, शोभेची आहेच. पण वळणावळणावर पाण्याचा वेग मोडतो आणि वेग मोडला की त्यातली माती खाली बसते. वर्षातून एकदा झाडूने नाली झाडली की काम झालं. अशीच वेटोळी नाली नीलकंठ महालाच्या फरशीत आहे. तो अकबराच्या काळात 1574मध्ये बांधला गेला. पाणी नुसतं साठवायचं नाही, ते वाटेतच निवळायचं, हा विचार त्या गडावर शतकभर तरी टिकून होता.

चंपा बावडी त्याहून हुशार. राजवाड्याच्या आवारातल्या या विहिरीच्या तळाजवळून तळघरांत जायला भुयारी वाटा आहेत. पाण्यावरून येणारी हवा उन्हाळ्यात त्या खोल्यांमध्ये शिरते. एकाच खड्ड्यात पिण्याचं पाणी, थंडावा आणि संकटात पळायची वाट, असं तिघांचं काम उरकलं आहे. आजच्या सरकारी निविदेत यासाठी तीन खाती लागतील.

गडाच्या दक्षिण टोकाला रेवाकुंड आहे. रेवा म्हणजे नर्मदा. कुंडाच्या काठावर पाणी वर खेचायच्या यंत्रणेचे अवशेष उभे आहेत; तिथून दगडी पाटाने पाणी बाजबहादूरच्या महालात जायचं. पुढे कड्याच्या अगदी टोकाला रूपमतीचा मंडप. कथा सगळ्यांना माहीत आहे: नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय राणी पाण्याचा घोट घेत नसे. मंडपातून स्वच्छ दिवशी खाली दूरवर नदीची चमकती रेघ दिसते खरी. मुळात तो मंडप पहाऱ्याची चौकी होता असं अभ्यासक सांगतात. आणि त्याच्या गच्चीवरचं पावसाचं पाणी पायथ्याच्या टाक्यात उतरवायची सोय आहे. म्हणजे जिथून नर्मदा सर्वांत सुंदर दिसते तिथला पहारेकरी प्यायचा पावसाचंच पाणी. नर्मदेला नमस्कार, आणि घागर कुंडातून.

मुगलांनंतर अठराव्या शतकात मराठे माळव्यात आले. पवारांची एक शाखा धारला बसली, दुसरी देवासला. देवासला तर तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांची दोन घराणी एकाच गावात नांदली: थोरली पाती, धाकटी पाती. दरबाराची भाषा मराठी, घरांत मराठी. इ. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार 1921मध्ये थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खासगी सचिव म्हणून देवासला राहिला होता. त्याला गंमत वाटायची ती ही, की एवढ्याशा गावात दोन राजवाडे, दोन दरबार, दोन फौजा आणि पाणीपुरवठाही दोन. हसायला ठीक आहे. पण देवासच्या टेकडीभोवतीची तळी आणि विहिरी या राजांना सांभाळाव्या लागत होत्या, कारण पर्याय नव्हता.

होळकरांचा मुलूख शेजारीच, आणि घाटाखालचा नेमावर-कन्नौदचा पट्टाही त्यांचाच. अहिल्याबाईंनी (कारकीर्द 1767 ते 1795) महेश्वरचे घाट बांधले हे सर्वांना ठाऊक असतं. त्यामानाने जाम दरवाजा कमी लोकांनी पाहिलेला असतो. महूहून महेश्वरकडे उतरताना विंध्याच्या कड्यावर, 1791 सालचा. माळव्याचं पठार आणि निमाडचं खोरं यांना जोडणारी वाट जिथे कड्यावरून सुटते, नेमकी तिथे ही भव्य कमान आणि पहाऱ्याची जागा बांधली. व्यापाऱ्याचा बैल दमतो तोही तिथेच आणि चोर दबा धरतात तेही तिथेच. रस्त्याचं बांधकाम म्हणजे नुसती खडी नाही, हे ज्याला समजलं त्याने ही जागा निवडली.

मांडवगड तोवर ओस पडला होता. 1902मध्ये लॉर्ड कर्झनने त्याला भेट दिली आणि नंतर धार संस्थानात दुरुस्तीची कामं जोमाने सुरू झाली. संस्थानाच्या शिक्षणखात्यातले काशिनाथ कृष्ण लेले यांनी धार-मांडूच्या इतिहासाची टिपणं, शिलालेखांचे ठसे जमवले. पुढे 1929मध्ये गुलाम याझदानींचा मांडूवरचा मोठा ग्रंथ निघाला. मराठी शिक्षणाधिकारी, इंग्रज व्हाइसरॉय आणि हैदराबादचे पुरातत्त्वज्ञ, असा हा तिघांचा वारसा. मात्र इमारतींची डागडुजी झाली, तलावांचं गाळकाम कुणाच्या फारसं मनात नव्हतं. भिंत पडली तर दिसते. तलाव गाळाने भरत असतो तेव्हा वर पाणी चमकतच असतं.

याच सुमारास शेजारच्या इंदूरला पॅट्रिक गेडीस हा स्कॉटिश नगररचनाकार आला. त्याचा इंदूर दरबाराला दिलेला अहवाल 1918चा. महागड्या गटार योजनेवर त्याचा विश्वास नव्हता. सांडपाणी बागांना द्या म्हणायचा. हिंदुस्थानात साहेबांचं आरोग्यखातं मलेरियाच्या भीतीने जुने तलाव बुजवायच्या मागे लागलं होतं, तेव्हा गेडीसचं म्हणणं साधं होतं: तलावात मासे आणि बदकं सोडा, डासांच्या अळ्या तेच खातील, तलाव ठेवा. त्याने इंदूरला काढलेल्या दिवाळीच्या मिरवणुकीचं कौतुक लोक अजून सांगतात. तलावाचं बोलणं मात्र विसरले.

विसरण्याची किंमत देवासला मोजावी लागली. स्वातंत्र्यानंतर शहर कारखान्यांचं झालं. 1970च्या दशकात नोटा छापणारी बँक नोट प्रेस आली, इतर उद्योग आले. शहरातली लहानमोठी तळी भरली गेली, त्यांवर घरं आणि कारखाने उठले. गावाबाहेर वेगळीच घाई. माळव्याचा शेतकरी पूर्वी पावसाळ्यात बरीचशी काळी जमीन पडीक ठेवी आणि मुरलेल्या ओलीवर रब्बीचा गहू घेई. सोयाबीन आलं, तशी खरीपही भरली. रब्बीला पाणी हवं झालं. वीज आली, पंप आले, बोअर घ्यायची गाडी गावोगाव फिरू लागली. इथला खडक आपल्या महाराष्ट्रातलाच, दख्खनच्या बेसाल्टचा. पाणी धरून ठेवतात त्या फक्त त्याच्या भेगा आणि वरचा मुरूम. आधी शंभर-दीडशे फुटांवर लागणारं पाणी पाचशे फुटांवर गेलं, मग त्याहून खाली, मग लागेनाच.

एप्रिल 1990मध्ये देवासच्या स्टेशनात पन्नास टाक्यांची पाण्याची गाडी आली. मंत्री हजर होते, ढोल वाजले. पाणी इंदूरहून आणलेलं, आणि इंदूरचं पाणी म्हणजे नर्मदेचं: मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पंपांनी घाट चढवून इंदूरला पोचवायची योजना 1978मध्ये सुरू झाली होती. नदी आधी पंपाने वर चढली, मग रेल्वेने चाळीस किलोमीटर गेली. कुमार गंधर्व तेव्हा देवासमध्येच होते, 1948मध्ये क्षयाच्या आजारात कोरडी हवा मानवेल म्हणून ते इथे आले होते. त्या कोरड्या हवेच्या गावात आता पिण्याचं पाणी रुळांवरून येत होतं. महाराष्ट्राला हे दृश्य 2016मध्ये लातूरला पाहायला मिळालं. मिरजेहून निघणाऱ्या पन्नास वाघिणींच्या एका खेपेत सुमारे 25 लाख लिटर पाणी मावायचं.

देवासचा उपाय नंतरही खालच्या बाजूलाच शोधला गेला. कारखान्यांसाठी नेमावरहून, म्हणजे सतवासच्या पूर्वेला नर्मदेच्या ऐन काठावरून, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पाइपलाइन घालून पाणी घाट चढवायची योजना खासगी भागीदारीत झाली. पुढे 2014मध्ये नर्मदा-क्षिप्रा जोड योजना पुरी झाली: ओंकारेश्वर प्रकल्पाच्या कालव्यातून पाणी घ्यायचं, साडेतीनशे मीटर वर चढवायचं आणि उज्जैनी गावाजवळ क्षिप्रेच्या उगमाशी सोडायचं. सेकंदाला पाच हजार लिटर. सिंहस्थाला क्षिप्रेत पाणी असावं ही निकड होतीच. आता हिशोब करू. एक हजार लिटर पाणी साडेतीनशे मीटर वर चढवायचं तर भौतिकशास्त्राच्या नियमाने जवळजवळ एक युनिट वीज लागते. पंपाची झीज आणि पाइपातलं घर्षण धरलं की त्याहून जास्त. घरातल्या पिण्याच्या पाण्याला हे परवडतं. हेक्टरभर गव्हाला दर पाळीला लाखो लिटर लागतात. तिथे मीटर गरगरा फिरतो.

वीज तरी कुठून? त्याच खोऱ्यातून. सतवासच्या नैर्ऋत्येला पुनासाजवळ इंदिरासागर धरण आहे: उंची 92 मीटर, वीजनिर्मितीची क्षमता एक हजार मेगावॉट आणि पाणीसाठ्याने देशात सगळ्यांत मोठा जलाशय. त्याच्यासाठी हरसूद हे शहर 2004च्या पावसाळ्याच्या तोंडावर रिकामं झालं. बुडिताची गावं खंडव्याबरोबर देवास आणि हरदा जिल्ह्यांतलीही. आणि 7 एप्रिल 2005च्या रात्री, धरणाच्या खाली देवास जिल्ह्यातल्याच धाराजी इथे, भूतडी अमावास्येच्या जत्रेसाठी हजारो लोक नर्मदेच्या पात्रातल्या खडकांवर झोपलेले होते. वीजनिर्मितीसाठी सोडलेलं पाणी वाढत आलं आणि साठाहून अधिक माणसं वाहून गेली. जत्रेची तारीख पंचांगात होती, पाणी सोडण्याची वेळ धरणाच्या वेळापत्रकात. दोन्ही कागद एका टेबलावर आले नाहीत. धरणाच्या काँक्रीटमध्ये काहीच दोष नव्हता. खालच्या गावाला वाजणारा भोंगा हाही बांधकामाचाच भाग आहे, हे मात्र राहून गेलं होतं.

पठारावर दरम्यान एक वेगळंच खोदकाम सुरू झालं. 2006मध्ये देवासचे जिल्हाधिकारी होते उमाकांत उमराव, शिक्षणाने अभियंते. त्यांनी शेतकऱ्यांपुढे पुण्याची भाषा केली नाही, नफ्याची केली. बोअरवर पैसे घालवून कोरडी भोकं पाडलीत. तेवढ्याच पैशात शेताचा दहावा हिस्सा तळ्याला द्या आणि उरलेल्या नऊ हिश्शांत दुसरं पीक घ्या. सुरुवात मोठ्या शेतकऱ्यांपासून केली, कारण त्यांच्याकडे ट्रॅक्टर होते, बँक त्यांना कर्ज द्यायला राजी होती, आणि शेजारी त्यांच्याकडे पाहून चालतात. टोंक खुर्द तालुक्यात कामं झपाट्याने वाढली, तळी पुढे हजारांच्या संख्येत गेली. त्यांचं नाव ठेवलं रेवासागर. खोदणारा झाला भगीरथ शेतकरी. मांडवगडावर ज्यांनी कुंडाला रेवा म्हटलं, त्यांचीच युक्ती: नदी येत नाही तर नाव आणा आणि पाऊस धरा.

या तळ्यांचं तंत्र साधं, पण जमिनीला ओळखणारं. माळव्याची काळी माती घर बांधणाऱ्याची वैरीण आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते, भिंतीला तडे देते. तीच माती ओली झाली की तळ्याच्या बुडाशी घट्ट बसते आणि पाणी सोडत नाही. म्हणून प्लास्टिक लागत नाही. उकरताना मुरूम लागायच्या आत थांबायचं, नाहीतर तळं गळकं. पाळीच्या पोटात काळी माती, अंगावर मुरूम, आतल्या उतारावर जमलं तर दगडांची पिचिंग, आणि जादा पाण्याला बाजूने सांडवा, शक्यतो पाळीला न छेडता. भोजपूरचाच धडा, फक्त जेसीबीने गिरवलेला. उकरलेली चांगली माती शेजारच्या हलक्या, बरड जमिनीवर पसरली की तीही पिकाखाली येते.

एक हेक्टरभर तळं, तीन मीटर पाणी: तीन कोटी लिटर. लातूरच्या पन्नास वाघिणींच्या गाडीच्या बारा खेपा, तेही उताराने आपोआप येऊन शेतातच थांबलेल्या. उन्हाने त्यातलं मीटरभर तरी उडून जातं, हे खरं. पण गव्हा-हरभऱ्याला पाणी लागतं नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उन्हाचा कडाका त्यानंतरचा. शिवाय तळं पसरट करण्यापेक्षा खोल केलं की उडणं कमी. महाराष्ट्रात 2016पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत पुष्कळ तळी खोदली गेली. त्यांपैकी अनेकांत प्लास्टिक अंथरून बोअरचंच पाणी भरतात. ते तळं नव्हे, उघडी टाकी. उलटा प्रवास.

देवासच्या तळ्यांनाही दोष आहेत. ज्याच्याकडे दहावा हिस्सा सोडता येईल एवढी जमीन आहे, त्याचंच हे काम; दोन बिघ्यांच्या मालकाने काय सोडायचं? भूमिहीनाला तर मजुरी वाढली तेवढीच. आणि शहराला याचा थेट उपयोग नाही. देवासच्या नळाला घाटाखालचंच पाणी हवं. पण ज्या तालुक्यांत बोअर आटली होती तिथे रब्बी पुन्हा उभी राहिली, आणि हिवाळ्यात तळ्यांवर पाहुणे पक्षी उतरू लागले, हे जाऊन पाहता येतं.

घाटाखाली परिस्थिती वेगळी आहे. इंदिरासागरच्या फुगवट्यामुळे नर्मदेच्या काठच्या जुन्या पायवाटा बऱ्याच ठिकाणी पाण्याखाली गेल्या. त्यामुळे परिक्रमावासींना काठ सोडून आतल्या गावांमधून, कधी कधी डांबरी रस्त्यांवरून, लांबचा वळसा घालावा लागतो. महाराष्ट्रातून आलेले कितीतरी जण त्यात असतात. खांद्यावर झोळी, हातात काठी, गळ्यात नर्मदाजलाची छोटी बाटली. उत्तर तटाने इथवर पोचण्याआधी, आणखी पश्चिमेला असतानाच, त्यांच्यातले काही मुद्दाम विंध्य चढून मांडवगडावर येतात, रेवाकुंडाच्या पायऱ्या उतरतात, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावतात आणि बाटलीतलं थोडं जल त्या कुंडात ओततात.